उंडेल पाजलेला पट्टा

आमच्या घरी जी गाडी होती तिला सगळं गाव जीप म्हणायचं. ती जीप नव्हती. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि चुकीचा शब्द कानावर पडला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "जीप हा गाडीचा एक प्रकार आहे. ही चारही चाकांना जोर देणारी डिझेल गाडी आहे," असं ते समजावून सांगायचे. ऐकणारा मान डोलवायचा आणि निघताना म्हणायचा, "बरं मास्तर, मग उद्या जीप घेऊन येताय ना?" माणगावच्या एका कंत्राटदाराकडून अण्णांनी ती जुनी घेतली होती. तिची तीन दारं बाहेरून उघडायची आणि चौथं आतून सुंभ ओढून. खळ्यात फणसाखाली ती उभी असायची, आणि फणसाच्या दिवसांत तिच्या टपावर रोज एखादा धप्प आवाज व्हायचा. तो आवाज आला की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "फुटला की टप वाचला?"

आमचं घर समुद्राकडे पाठ करून होतं. मागच्या पडवीतून पायऱ्या उतरलं की नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की केवड्याचं बेट, आणि मग वाळू. समुद्राची गाज चोवीस तास इतकी असायची की ती ऐकू येत नसे. मुंबईला कुणाकडे राहायला गेलं की ती नाहीशी व्हायची आणि तेव्हा कळायचं की आपण तिच्यावरच झोपत होतो. सकाळी पहिला आवाज आईच्या आडकित्त्याचा, मग अण्णांच्या खाकरण्याचा, मग पंपाचा. पाट सोडल्यावर पाणी पोफळींच्या आळ्यांतून पळत जायचं आणि आई अनवाणी त्याच्या पुढे पुढे, फावड्यानं एक वाट बुजवत, दुसरी उघडत. अण्णांना वाडीतलं पुस्तकी सगळं ठाऊक होतं. कुठल्या झाडाला काय हवंय ते मात्र आईलाच कळायचं. हे घरात सर्वांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि या प्रकरणात जे झालं त्यातलं निम्मं त्या न बोलण्यामुळेच झालं असं मला आता वाटतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. पदवी झाली होती. माणगावला एका कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा जवळजवळ ठरल्यासारखी होती, आणि मी ती नको म्हणत होते. घराच्या वर डोंगरात आमचा एक तुकडा होता. पिढ्यान् पिढ्या तिथं गवताशिवाय काही उगवलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात मी तिथं हापूसची एकशे वीस कलमं लावली. खड्डे खणण्यापासून काट्यांच्या कुंपणापर्यंत सगळं मी उभं राहून करून घेतलं होतं आणि पुष्कळसं स्वतः केलं होतं. अण्णांचा विरोध नव्हता. त्यांचा विश्वास नव्हता, एवढंच. ते म्हणाले, "लावणं सोपं असतं, वसू. पहिला उन्हाळा काढून दाखव. निम्म्याहून जास्त जगली तर डोंगर तुझा. नाहीतर पावसाआधी निमूट माणगावला रुजू व्हायचं." मी हो म्हटलं. एकविसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो. पण त्या बोलीवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं आहे हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि रात्री अंथरुणावर पडलं की मी कलमं मोजत झोपायची.

पहिल्या वर्षी कलमांना दर चौथ्या दिवशी पाणी लागतं. डोंगरावर विहीर नाही. म्हणून गाडीच्या मागच्या भागात तीन पिंपं चढवायची, वाडीतल्या विहिरीवर भरायची आणि डोंगराच्या खोलगट वाटेनं वर न्यायची. ती वाट म्हणजे पावसाळ्यातला ओढा, उन्हाळ्यात कोरडा पडलेला, सगळे गोटे. दुसरी कुठलीच गाडी तिथं चढत नसे. अण्णा चारही चाकांचा जोर लावायचे, गाडी हुंकारत हुंकारत चढायची, पिंपातलं पाणी डचमळून माझ्या पाठीवर सांडायचं, आणि त्या उकाड्यात मला ते फार बरं वाटायचं. पाण्याच्या दिवशी दोन खेपा. एप्रिल अर्धा सरला तेव्हा माझी एकशे चौदा कलमं हिरवी होती.

त्या सोमवारी अण्णांनी सवयीप्रमाणे गाडीचं झाकण उघडलं, दाढीचा आरसा घेऊन आत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "ही आता एक फूटही हलणार नाही." इंजिनाच्या पुढच्या तोंडाला प्लास्टिकच्या झाकणाआड एक दातेरी रबरी पट्टा असतो. खालचं मुख्य चाक, वरचं व्हॉल्व्हचं चाक आणि डिझेलच्या पंपाचं चाक, या तिघांना तो एका ठेक्यात फिरवतो. त्याला टायमिंगचा पट्टा म्हणतात. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. आमच्या पट्ट्याला दातांच्या मुळाशी चिरा पडल्या होत्या. अलिबागच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर त्याच्या घरी लग्न, आठ दिवस हात रिकामा नाही. आठ दिवसांत माझ्या कलमांची पानं वाजायला लागली असती. "घाबरू नकोस," अण्णा म्हणाले, "नवा पट्टा दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवलाय. घरीच बदलू. त्यात काय आहे? पुस्तक आहे माझ्याकडे."

पुस्तक खरंच होतं. अण्णांनी शाळेतून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेला फळा पडवीत टेकवला आणि त्यावर खडूनं एकेक पायरी लिहून काढली. मदतीला धर्मा नाखवा आला. कोळीवाड्यात त्याची होडी होती, आणि होडीचं इंजिन तो इतक्या वेळा उघडून बसवत असे की त्याची बायको म्हणायची, माशांपेक्षा याच्या अंगाला डिझेलचाच वास जास्त. त्यानं फळ्याकडे पाहिलं. "मास्तर, आमी शाळा सोडली ती याच्यासाठीच," तो म्हणाला आणि पान्हे काढून बसला.

मंगळवारी सकाळी काम सुरू झालं. रेडिएटर निघाला, पंखा निघाला. खालच्या चाकाचा मधला बोल्ट मात्र हलेना. बोल्ट फिरवायला गेलं की चाकच सोबत फिरे. अण्णांच्या पुस्तकात त्यासाठी एक खास अवजार लिहिलेलं होतं. नाखव्यानं होडी ओढायचा जुना दोर आणला, चाकाच्या खाचेत चार वेढे घातले, दुसरं टोक फणसाला बांधलं आणि पान्ह्याला पाइप लावून असा हिसका दिला की बोल्ट कडाड बोलला. आईनं आतून विचारलं, "फणस पडला का?" त्या दिवशी तिनं वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या, आणि कैरीचं सार. पडवीत काळ्या हातांनी आम्ही तिघं जेवलो. मला आठवतंय, मी फार खुशीत होते. झाकण निघालं होतं, पट्टा समोर दिसत होता, आणि चाकांच्या खुणा जुळवून घेतल्या होत्या. त्या खुणा चाकांवर बारीक कोरलेल्या असतात, चटकन दिसत नाहीत. म्हणून मी नाखव्याच्या चंचीतली चुन्याची डबी मागून घेतली आणि काडीनं प्रत्येक खुणेवर पांढरा ठिपका दिला. अण्णा म्हणाले, "शाबास." अण्णांचं शाबास वर्षातून दोनदा यायचं.

मग अण्णांनी एक घाई केली. ताण सैल करून पट्टा सावकाश उतरवायचा, असं फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण जेवण झालेलं, ऊन चढलेलं. ते म्हणाले, "नाहीतरी फेकायचाच आहे," आणि सुपाऱ्या पाडायची कोयती घेऊन त्यांनी तो सटकन कापला. मग हात पुसून ते माळ्यावर गेले आणि नव्या पट्ट्याचं खोकं घेऊन खाली आले.

खोकं उघडलं तेव्हा आधी वास आला. उंडीच्या बियांचं तेल, उंडेल, ज्यांच्या घरी कधी वापरलेलं नाही त्यांना त्या वासाची कल्पना नाही येणार. कडवट, जड, देवळातल्या जुन्या समईसारखा. नाखव्यानं पट्टा हातात घेतला, नाकाशी नेला, अंगठ्यानं एक दात दाबला. दात लोण्यासारखा दबला. पट्टा सुजला होता, काळा कुळकुळीत चकाकत होता. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "याला कुनी तेल पाजलंय. ह्यो आता न्हाय चालायचा. रबराला तेल म्हंजी इखच."

दाराशी आई उभी होती. पदराला हात पुसत होती. "मी लावलं," ती म्हणाली. "दर दिवाळीला लावते. दोन वर्षं झाली."

तिच्या माहेरी, तळ्याच्या बाजूला, भाताची गिरणी होती. ऑइल इंजिनावर चालणारी, आणि इंजिनापासून गिरणीपर्यंत लांबलचक कातडी पट्टा. कातडं कोरडं पडलं की तडकतं, म्हणून दर वर्षी नरकचतुर्दशीला घरच्या सगळ्यांची अंघोळ झाली की पट्ट्यालाही तेल चोळायचं, अशी त्यांच्या घरची रीत. ते काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा इथं तसा पट्टा नव्हता. मग एके दिवशी अण्णांनी मुंबईहून एक पट्टा आणला, हा फार महत्त्वाचा, तुटला तर गाडी गेली असं सांगितलं आणि माळ्यावर ठेवला. खाऱ्या हवेत तो तडकू नये म्हणून ती दिवाळीच्या पहाटे, आम्ही सगळे अंघोळीच्या रांगेत असताना, माळ्यावर चढायची आणि त्याला तेल पाजून यायची. आम्हाला पत्ताही नव्हता. तिनं सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असं तिला वाटलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "विचारायचं तरी होतंस." ते तसं फार टाकून बोलले नाहीत. बोलले ते मी. मी म्हटलं, "तुला मशिनमधलं काय कळतं? माझी कलमं मारलीस तू. सगळी मारलीस." आणि तेवढ्यावर थांबले नाही. "आता मी कचेरीत खुर्चीवर बसले की सुखानं तेल लाव सगळ्या घराला," असंही म्हटलं. नाखवा दोर गुंडाळायला लागला, उगाचच, गुंडाळलेला दोर पुन्हा. आई आत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या आडकित्त्याचा आवाज सुरू झाला. आज इतक्या वर्षांनी मी हे लिहितेय आणि माझे कान तापतात. माणूस जवळच्यांना बोलतो तसं परक्याला बोलत नाही, कारण परका उठून जाईल अशी भीती असते.

बुधवारी झुंजूमुंजू व्हायच्या सुमारास मी उठले तर आई नेसून, वेणी घालून, हातात पिशवी घेऊन पडवीत उभी. तिनं पिशवीत कापलेला जुना पट्टा गुंडाळून ठेवला होता, आणि तेलाचाही, वेगळ्या कागदात. "रेवसला जाते," ती अण्णांना सांगत होती. "तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्याला. संध्याकाळच्या लाँचनं परत. पेज झाकून ठेवलीय."

अण्णा तोंडात ब्रश धरून तसेच राहिले. आई मुंबईला दोनदा गेली होती, दोन्ही वेळा लग्नाला, दोन्ही वेळा अण्णांच्या मागून चालत. "अगं, मी जातो ना. तू एकटी कशी?"

"तुम्ही गेलात तर सुटलेली ही चाकं कोण राखणार? आणि एकटी जातानाच फक्त. येताना पट्टा असेल सोबत."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्या अंगात अजून कालचा राग होता आणि त्याखाली लाज, आणि दोन्ही एकमेकांना वर येऊ देत नव्हती. ती एसटीच्या थांब्याकडे गेली. मी कळशी उचलली आणि डोंगर चढायला लागले. त्या दिवशी मी डोक्यावरून पाणी नेलं. चढाला जवळजवळ अर्धा तास. अकरा खेपा केल्या आणि बावीस कलमांना अर्धी-अर्धी कळशी वाटून दिली. बाकीच्यांच्या आळ्यांत वाळलेलं गवत आणि झावळ्या घातल्या. संध्याकाळी माझी मान वळत नव्हती. चौथा दिवस उजाडायला एक रात्र उरली होती आणि शेंड्याकडची कोवळी पानं खाली लवलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

आई दिवेलागणीला आली. उतरली ती आधी विहिरीवर गेली, पाय धुतले, मग पडवीत बसून तिनं पिशवीतून खोकं काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. धक्क्यावरून तिनं टॅक्सी केली होती. सुट्या भागांच्या बाजारात पहिल्या दुकानदारानं तिला पट्टा दाखवला आणि हाच तो म्हणाला. आईनं जुना बाहेर काढला, दोन्ही पट्टे मांडीवर घेतले आणि दात मोजायला लागली. नव्याला दोन दात कमी भरले. दुकानदार म्हणाला, बाई, चालतं. आई म्हणाली, चालतं तर तुमच्या गाडीला लावा, आणि उठली. तिसऱ्या दुकानात बरोबर मिळाला. तिथला म्हातारा मालक, गुजराती, तेलाचा पट्टा बघून आधी पोट धरून हसला आणि मग त्यानं तिला स्टूल दिलं, चहा पाजला, आणि पट्टा कसा बसवायचा ते समजावून सांगितलं. "एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली," आई म्हणाली. "बसवला की लगेच चावी फिरवायची नाही. आधी हातानं इंजिन दोन पूर्ण वेढे फिरवायचं. आणि अडलं तर जोर करायचा नाही."

"पुस्तकात आहे ते," अण्णा म्हणाले. पण फळ्यावर ती पायरी नव्हती. त्यांनी उठून ती लिहिली. ते मी पाहिलं, आईनंही पाहिलं.

गुरुवारी सकाळी नाखवा आला. पाण्याचा दिवस तोच. पिंपं मी भल्या सकाळीच विहिरीपाशी नेऊन ठेवली होती, नुसतं भरायचं आणि चढवायचं. नवा पट्टा मी बसवला. माझी बोटं सडसडीत होती आणि डोळे तेज, म्हणून अण्णांनी तो मान मला दिला. खालच्या चाकाचा ठिपका जुळला, पंपाचा जुळला. वरचं चाक किंचित सरकलेलं होतं. मी ते पान्ह्यानं हलवून पांढरा ठिपका इंजिनाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणला, पट्टा चढवला, नाखव्यानं ताण दिला. "झालं," मी म्हटलं. अण्णांनी वाकून पाहिलं, ठिपका समोर होता, तेही म्हणाले झालं.

आई पुढे आली. नाखव्यानं पान्हा धरला होता, तो म्हणाला, "ऱ्हाऊंद्या वयनी, मी फिरवतो." आई म्हणाली, "मला सांगितलंय त्यानं. मीच फिरवते." तिनं पदर खोचला, पाइप लावलेला पान्हा दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश ओढला. इंजिन फिरायला लागलं. पाव वेढा, अर्धा वेढा, आणि ती थांबली.

"अडलं," ती म्हणाली.

"दाब असंल वयनी," नाखवा म्हणाला. "डिझेल हाय, हवा कोंडते. जोर लावा, जाईल."

अण्णांनीही मान हलवली. मी तर म्हटलंच, "लाव ना जोर. ऊन चढतंय." डोंगरावर प्रत्येक मिनिटाला एक पान सुकतंय असं मला दिसत होतं.

आई पान्हा तसाच धरून उभी राहिली. मग जरा मागे सोडून पुन्हा पुढे आणला, अगदी हलक्या हातानं, आजारी माणसाचा हात सरळ करावा तसा. "दाब असा नसतो," ती म्हणाली. "गिरणीचं इंजिन मी हातानं फिरवलंय, बारा वर्षांची असल्यापासून. कोंडलेली हवा हाताला मागे ढकलते. ही ढकलत नाहीये. ही नुसती थांबलीय. आत लोखंडाला लोखंड लागलंय." आणि तिनं पान्हा काढून घेतला आणि आपल्या पाठीमागे धरला, मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा.

नाखवा गुडघ्यावर बसला, बॅटरी लावली आणि वरच्या चाकाकडे बघत राहिला. मग तो एकाएकी स्वतःचा अंगठा बघायला लागला. "आयला," तो म्हणाला. त्यानं चाक जरा पुसलं. चाकावर दोन पांढरे ठिपके होते. एक माझा, बारीक, काडीनं दिलेला, वाळून अर्धा पडलेला. आणि तिथून काही दात सोडून दुसरा, ठसठशीत. मंगळवारी तंबाखू मळता मळता नाखव्यानं चाक धरलं होतं आणि त्याच्या अंगठ्याचा चुना तिथं बसला होता. मी खुणेसमोर आणला होता तो त्याचा अंगठा. माझे तेज डोळे! कोरलेली खूण बोटानं चाचपून बघायची मला गरजच वाटली नव्हती. आईनं जोर लावला असता, किंवा आम्ही थेट चावी फिरवली असती, तर व्हॉल्व्ह वाकले असते, आणि मग कुठली गाडी आणि कुठला डोंगर.

मी आईकडे पाहिलं. ती म्हणेल, तुला मशिनमधलं काय कळतं, असं मला वाटलं. म्हणायलाच हवं होतं तिनं. ती म्हणाली, "चुना कुणी लावला यावर भांडत बसणार का आता? उतरवा पट्टा. आणि नाखवा, तुम्ही हात धुऊन या. साबणानं." नाखवा शाळकरी मुलासारखा विहिरीकडे गेला.

दुसऱ्यांदा मी नखानं खूण शोधली, पुसली, अण्णांना दाखवली, आईला दाखवली. पट्टा चढला. आईनं पान्हा फिरवला. यावेळी इंजिन जड होत गेलं, तिच्या हाताला मागे ढकलत राहिलं, आणि मग फुस्स करून पुढे गेलं. "ही बघ, ही हवा," ती मला म्हणाली, आणि माझा हात धरून पान्ह्यावर ठेवला. दुसरा वेढा मी फिरवला. ते मागे ढकलणं मी तेव्हा पहिल्यांदा हातात अनुभवलं. त्यानंतर मी कितीतरी इंजिनं उघडली आणि बंद केली, पंपाची, फवारणीची, गाड्यांची. अजून हात आधी तेच विचारतो, ढकलतंय की थांबलंय. आता पोरं फोनवर व्हिडिओ बघून सगळं शिकतात, चांगलंच आहे ते, पण एवढं मात्र फोनमधून हातात येत नाही.

दुपारी दीडच्या सुमारास सगळं जागेवर बसलं. अण्णांनी चावी फिरवली. गाडी एकदा खोकली, पाइपांतली हवा जाईपर्यंत थरथरली आणि मग लागली, आणि इतक्या एकसारख्या सुरात लागली की नाखव्यानं डोक्याचं फडकं काढून हवेत उडवलं. मी नाचले. लाज न बाळगता सांगते, खळ्यात फणसाखाली एकटी नाचले. अण्णा उतरून खाली आले आणि आईला म्हणाले, "तुला गिरणीचं इंजिन फिरवता येतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस." आई म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." मंगळवारी त्यांनी तिला जे ऐकवलं होतं तेच ते वाक्य, फक्त उलटं फिरून आलेलं, आणि अण्णांना ते कळलं. ते जरा वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "चल," ते म्हणाले. "डोंगर बघून येऊ. दहा महिने झाले, तू वर आलीच नाहीस."

आई पुढे बसली, मी मागे पिंपांशी. खोलगट वाटेनं गाडी हुंकारत चढली आणि पाणी माझ्या पाठीवर सांडलं. वर पोचलो तेव्हा कलमं माना टाकून उभी होती. वरच्या रांगेतली काही तर पार करपल्यासारखी दिसत होती. आई उतरली, पहिल्या आळ्याशी उकिडवी बसली, झावळी बाजूला करून तिनं मातीत बोट घातलं, मग खोडाला नखानं जरासं खरवडलं. "हिरवं आहे आत," ती म्हणाली. "उठेल ही. आण पाणी."

मी बादली आणली. तिच्या बाजूला बसले आणि म्हटलं, "आई, परवा मी तुला जे बोलले ना..."

"ओत आधी," ती म्हणाली. "माफीबिफी मागायची ती नंतर माग. ती थांबेल. झाड नाही थांबायचं."

मी ओतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी सगळ्यांना पाणी दिलं, दोन खेपा झाल्या, आणि पावसापर्यंत एकशे सहा जगली. माणगावच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं. ती झाडं आज माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेली आहेत, आणि यंदाही मोहर चांगला धरलाय. माफी मात्र राहिलीच. त्या दिवशी पाणी होतं, मग आंबे होते, मग पाऊस, मग माझं लग्न, मुलं, दर वर्षी काहीतरी न थांबणारं पुढ्यात येत गेलं आणि जे थांबण्यासारखं होतं ते थांबून राहिलं. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. हे लिहून झालं की उद्या सकाळी पडवीत बसून तिला वाचून दाखवायचं मी ठरवलंय. तिला अलीकडे फार कमी ऐकू येतं, त्यामुळे चांगलं खणखणीत आवाजात वाचावं लागेल. आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल. जाऊ दे.